तुम्ही विचारलंत म्हणून: त्या वह्या मी का छापत नाही

"वडिलांच्या आजारपणावर इतकं छान लिहिलं होतंत, मग पुढे का थांबलात? वह्या भरल्यात म्हणता, तर छापा ना." लग्नाच्या पंगतीत, फोनवर, कार्यक्रम संपल्यावर जिन्यात, हा प्रश्न ठरलेला. मी दरवेळी "वेळ होत नाही" म्हणतो. ते खोटं आहे. एकदाचं खरं सांगून टाकतो.

बाबा एसटीत कंडक्टर होते, करमाळा डेपोला. पार्किन्सन्सनं आधी त्यांचं अक्षर धरलं. वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, ठसठशीत आकडे लिहिणारा माणूस, पण पेन्शनच्या कागदावरची सही मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक व्हायला लागली. मग पाय. मोकळ्या खोलीत चालायचे, उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळायचे. कुणीतरी सुचवलं म्हणून संडासाच्या वाटेवर मी लाल पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलायचं. हे सगळं २०१६ साली एका दिवाळी अंकात लिहिलं. आणि शेवटी ती रात्र: पट्ट्या असूनही पोचता आलं नाही, लुंगी ओली झाली, मी बदलली, धुतली, पहाटे दोरीवर वाळत घातली.

अंक मी बाबांना दाखवला नाही. त्यांना वाचायला त्रास होतो, असं स्वतःला सांगितलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर भेटायला आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि तोच अंक. बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, लाजायचं काय त्यात? माझं बी होतंय कधीमधी. पोरगं करतंय की तुमचं." माणूस मायेनंच बोलत होता. बाबांना आधी काही उमगलं नाही. मग त्यांनी अंक मागितला. वाचायला पाऊण तास लागला. पान उलटताना बोटं थरथरत होती, मी पुढे झालो तर कोपरानं मला बाजूला सारलं. चहावर साय धरली. ड्रायव्हरकाका उठून गेले तेही त्यांना कळलं नसावं. या आजारात चेहरा थिजतो, त्यामुळे राग आलाय की रडू, काही वाचता येत नव्हतं. अंक मिटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"लुंगी निळी नव्हती. पांढरी होती."

एवढंच. त्यानंतर मात्र मी खोलीत आलो की बोलणं थांबायचं. आईशी बोलत असायचे, मला बघून गप्प. कधी काही सांगायला लागलेच, तर मध्येच थबकून विचारायचे, "हेही लिहिणार?"

त्या रात्रीची माझी वही मी नंतर काढून पाहिली. तिच्यात होतं: "आज बाबांवर ओरडलो. आधी सांगता येत नाही का, म्हणालो. ते ओल्या लुंगीत तसेच उभे राहिले." छापलेल्या लेखातला मुलगा एक शब्दही न बोलता लुंगी बदलतो. बापाची लुंगी मी गावाला दाखवली आणि माझं ओरडणं वहीत झाकून ठेवलं. मला हे सोसत नाही, अजूनही.

यावर लोक म्हणतात, सुनीताबाई देशपांड्यांनी 'आहे मनोहर तरी'त नवऱ्याबद्दल नाही का लिहिलं, तेही पु. ल. हयात असताना, १९९० साली? लिहिलं. पण पु. लं.च्या हातात लेखणी होती, उत्तर द्यावंसं वाटलं असतं तर अख्खा महाराष्ट्र ऐकायला बसला असता. माझ्या बाबांना सही धड जमत नव्हती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, तेव्हा न्यायमूर्तींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग माणूस गेल्यावर लिहावं का? बाबा २०१९ मध्ये गेले. म्हणजे आता मोकळीक आहे? विचारायला तर आता कुणीच उरलेलं नाही.

तरी तो लेख पूर्ण चुकला असंही म्हणवत नाही. लातूरहून एका बाईंचं पत्र आलं होतं. नवरा दोन वर्षं दारातच अडायचा, लेख वाचून त्यांनी घरभर पट्ट्या लावल्या, आता तो अंगणापर्यंत जातो. वहीत ठेवलं असतं तर त्यांच्यापर्यंत काय पोचलं असतं? आणि वहीचे गोडवे गाऊ नका. कुणी वाचणार नाही म्हटलं की मी अर्धी वाक्यं टाकून देतो, त्याच त्या तक्रारी महिनोन्महिने गिरवतो. छापायचं म्हणून लिहिलं तेव्हाच त्या वर्षाचा मला नीट विचार करता आला होता. २०१६ मधला मी लोकांना उपयोग होईल म्हणायचा, तो ढोंगी नव्हता. बाबांना विचारायला मात्र तो घाबरला.

आणि आज तुम्हाला सांगताना ती लुंगी पुन्हा दोरीवर आलीच. या वेळी पांढरी, आणि माझ्या ओरडण्यासकट. एवढ्यानं भरपाई होते का, कळत नाही.

वहीतलं एक पान मात्र अर्धं कोरं आहे. लेखानंतर एकदाच, औषधाचा अंमल चांगला असताना, बाबा आपणहून बोलायला लागले होते. बहात्तरचा दुष्काळ, त्यांची नवीन नोकरी, बार्शीची गाडी. एका म्हातारीकडे तिकिटाला पैसे नव्हते. तिनं पदराची गाठ सोडली आणि आतलं काहीतरी त्यांच्या हातावर ठेवलं. मी विचारलं, काय होतं? ते माझ्याकडे बघत राहिले. "राहू दे," म्हणाले.

आईला विचारलं, तिला कधी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरकाकांनाही विचारून आलो.