गर्दीचं काय वाईट?

दुपारी हुमण-भात जेवून डोळे मिटायला लागले होते तेवढ्यात क्लायंटचा मेसेज, "स्क्रीन जरा क्लीन करा ना, गर्दी वाटतेय." हे वाक्य आमच्या धंद्यात नमस्कारासारखं आहे, कोणीही कोणालाही म्हणतं. मी युएक्स डिझायनर (अ‍ॅपच्या स्क्रीनवर काय कुठे असावं ते ठरवणारा), आणि म्हणजे नक्की काय ते आईला अजून कळलेलं नाही, ती शेजारी "मोबायलाचें कितें तरी करता" म्हणून सांगते, जे तसं खरंच आहे.

झोप तर उडालीच होती, म्हणून मी फिग्मा, म्हणजे आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, बाजूला ठेवून व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं बघत बसलो. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसाने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं (मीही कॉम्प्युटर शिकून इकडे घुसलोय, त्यामुळे हे मला जरा जास्तच आवडतं). एका चित्रात पाद्री, कुत्रा, टोपलीवाली, बाल्कनीतून डोकावणारी बाई, सगळं ठासून भरलेलं, तरी एक चेहरा हरवेल तर शपथ. याला सांगा बघू क्लीन करायला!

आता कोणी म्हणेल अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे बघ. बघतो की. आईवडील गोव्याचे, जन्म 1924 चा नागपूरचा, आणि कॅनव्हासवर रोलर फिरवून रंगांचे थर चढवत-खरवडत असं काही करून ठेवलंय की समोरून हलवत नाही. पण ती शांतता त्यांनी कमावलेली आहे. आमच्या क्लायंटला हवी असते ती नुसती रिकामी जागा, बटणं एका मेन्यूत कोंबून झाकण लावलं की खूश. मग बिचारा वापरणारा शोधत बसतो.

मला वाटतं मी लेआउट शिकलो तो माटोळीखाली, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं टांगतात त्या चौकटीखाली. चवथीच्या आदल्या दिवशी काका स्टुलावर, लाकडी चौकट वाशांना टांगलेली, आणि आम्ही पोरं खालून एकेक वस्तू वर देणार, नारळ, सुपारीचा घड, तोरिंग, आंबाडे, चिबूड, निरफणस, रानातली कांगलां. केवणीच्या सालीने काका गाठ मारायचे, ती साल आधी पाण्यात भिजवलेली असायची आणि बोटांना तिचा ओलसर रानटी वास चिकटून राहायचा. आजी दारात उभी राहून फक्त "मात्शें सकयल" (जरा खाली) नाहीतर "ना, थंय न्हय" (तिथे नको) एवढंच म्हणायची. जड ते चौकटीच्या कडेला, नाजूक ते पुढे दिसेल असं, आणि गणपतीच्या तोंडासमोर काहीही लोंबकळता कामा नये. आरती ओवाळताना ताटाला चिबूड लागलं की तिने बोललंच म्हणून समजा. आम्ही याला युजर टेस्टिंग म्हणतो आणि वेगळे पैसे लावतो.

स्क्रीनचं काय झालं? दोन बटणं काढली, क्लायंट म्हणाला वाव. असो.

यंदा कांगलां मात्र मिळाली नाहीत. दरवर्षी जिच्याकडून घेतो त्या बाईला विचारलं तर म्हणाली, आम्ही जायचो तो डोंगरच कापला, आता तिथे कंपाउंड आहे आणि वॉचमन आत सोडत नाही.