नावातला जादाचा ए आणि माझ्या एफडी

जूनमध्ये मला अठरा पूर्ण झाली आणि केक कापायच्या आधीच आईने कपाटावरून एक निळी फाईल काढून हातात दिली, म्हणाली घे, आता तुझं तू बघ. आत सेटवरचे फोटो, शाळेला दिलेले रजेचे अर्ज, कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स आणि सरकारी बँकेच्या एफडीच्या दोन पावत्या. मला वाटलं बँकेत जायचं, आधार दाखवायचं, पैसे घेऊन यायचं. जून ते डिसेंबर गेला त्यात. अजून कोणी अडकलं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी मी कोण ते सांगते. २०१८ च्या जानेवारीपासून २०१९ च्या मार्चपर्यंत, म्हणजे पाचवी-सहावीत असताना, मी एका डेली सोपमध्ये हिरॉइनचं लहानपण केलं. सेट ठाण्यात घोडबंदर रोडला एका बंगल्यात होता आणि आम्ही राहतो वर्तकनगरला. मला घेतलं त्याचं एक कारण हेही होतं की मुलगी जवळ राहते, कधीही बोलावता येईल, हे त्यांच्या ईपीने (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, सेटचा कारभार बघणारा) आईला तोंडावर सांगितलं होतं :) मी ग्लिसरीनशिवाय रडायचे हे दुसरं कारण. ग्लिसरीन डोळ्याखाली लावलं की नंतर तासभर चुरचुरायचं, म्हणून मी आपलं आपणच रडायला शिकले. सेटवर मला नावाने कोणी हाक मारत नसे, "चाइल्ड रेडी आहे का" एवढंच.

मग लीप आला. मालिकेत बारा वर्षं पुढे गेली आणि एका सोमवारी मी मोठी झाले, म्हणजे दुसरीच एक ताई मोठी झाली. मला हे मेकअपदादांकडून कळलं, प्रॉडक्शनने आईला दोन दिवसांनी फोन केला. शाळेत महिनाभर मुलं मला त्या कॅरॅक्टरच्या नावाने चिडवत होती, नंतर तेही बंद झालं, आणि खरं सांगू, ते बंद झालं त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे बारा ते सोळा या वयात कामच नसतं, लुक टेस्टला गेलं की एकतर "लहान दिसत नाही आता" नाहीतर "मोठी वाटत नाही अजून", त्यात दाताला तारा. नातेवाईक मात्र अजूनही सचिन पिळगावकरांचं उदाहरण देतात की बघ लहानपणापासून कामं करत केवढे मोठे झाले. अहो काका, ते सचिन पिळगावकर आहेत.

तर एफडी. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात बदल झाला आणि २०१७ च्या जूनमध्ये त्याचे नियम आले. त्यात बालकलाकारांसाठी वेगळं लिहिलंय: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि ज्या जिल्ह्यात शूटिंग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची, ती सहा महिने चालते. पाच तासांचं म्हणाल तर माझा कॉल टाईम सकाळी सातचा असायचा आणि पॅकअप झालं की सुटका, कागदावर काय लिहायचे त्यांनाच माहीत. पण त्याच नियमात हेही आहे की मुलाच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकायचे आणि ते मुलाला सज्ञान झाल्यावरच मिळतात. माझ्या त्या पावत्या म्हणजे हे पैसे. एक ३४ हजारांची, एक ४१ हजारांची.

पहिली अडचण, बँकच सापडेना. म्हणजे पावतीवर जे नाव आहे ती बँक आता नाहीये. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या त्यात आमचीही गेली, आणि पावती अंधेरीच्या शाखेची कारण प्रॉडक्शनचं खातं तिकडे. ठाण्यातल्या शाखेत गेले तर त्यांनी पावतीवरचा नंबर टाकला, काहीच येईना, नाव टाकलं तर तेही येईना, म्हणाले मॅडम मूळ शाखेत जा. (मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मॅडम म्हटलं तेही परत पाठवताना.) मग घाटकोपरला उतरून मेट्रो, अंधेरी, तिथे कळलं की ती शाखा बंद होऊन शेजारच्या शाखेत मिसळली. त्या शाखेत टोकन नंबर ६३ आणि चालू होता १९.

तिथे बसून फोनवर वाचत होते तेव्हा जॅकी कूगन सापडला. १९२१ च्या चॅप्लिनच्या द किडमधला तो मुलगा. लहानपणी लाखो डॉलर कमावले आणि मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी उडवून टाकले. १९३८ मध्ये आईवर केस केली, हातात आले १ लाख २६ हजार डॉलर. त्याच्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला, तिकडे आता १५ टक्के बाजूला ठेवतात. आपल्याकडे २०, म्हणजे इथे आपण पुढे आहोत. पुढे हाच माणूस द ॲडम्स फॅमिलीत टकला अंकल फेस्टर झाला.

हे वाचून माझ्या डोक्यात साहजिकच आलं की माझे बाकीचे ८० टक्के कुठे गेले. रोजचे ३ हजार होते, १७० दिवस भरले, म्हणजे ५ लाख १० हजार. घरी येऊन मी जरा तिरकसच विचारलं आईला. ती काही बोलली नाही, आतून एक वही आणली. त्यात तारखेवार लिहिलेलं, रिक्षा ११०, केसांच्या क्लिपा ६०, रिक्षा ११०, रात्री उशीर झाला ओला २४०, शाळेची बुडालेली युनिट टेस्ट म्हणून ट्यूशनच्या बाई ८००. आई आधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला होती, सेटवर माझ्यासोबत कोणीतरी मोठं हवं म्हणून तिने ते सोडलं होतं हे मला माहीत होतं पण तिचा पगार किती होता ते मी कधी विचारलंच नव्हतं. १२ हजार. गुणिले चौदा महिने करायला घेतलं आणि मधेच कॅल्क्युलेटर बंद केला. फ्रीज पण त्यातलाच आहे म्हणे.

असो, टोकन ६३ ला एफडी सापडल्या एकदाच्या, दोन्ही ऑटो रिन्यू होत होत्या, नवीन नंबरने. आणि माझं नाव का सापडत नव्हतं तेही कळलं. सिरियल सुरू व्हायच्या आधी आईने कोणा न्यूमरॉलॉजीवाल्याच्या सांगण्यावरून माझ्या नावाच्या इंग्लिश स्पेलिंगमध्ये एक जादाचा ए घातला होता, क्रेडिटमध्ये तसंच यायचं, कॉन्ट्रॅक्टवर तसंच आणि प्रॉडक्शनने एफडीही त्याच नावाने काढल्या, त्यातही वडिलांचं नाव गाळून. आधारवर एकच ए. बँकेच्या हिशोबाने ती मुलगी वेगळी आणि मी वेगळी.

त्यावर उपाय म्हणजे ॲफिडेव्हिट. कोर्ट नाक्याला टायपिंगवाले बसतात तिथे गेलो, पाचशेचा स्टॅम्प पेपर, आणि टाईप करणाऱ्या काकांना रोजचंच होतं ते, अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती एकच असून ती मीच आहे असं मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते. त्यांनी वर न बघता विचारलं, "लग्नानंतर बदललं का?" मी म्हटलं नाही, सिरियलसाठी. तेव्हा वर बघितलं. "कुठली सिरियल?" सांगितलं. "आमची ही बघायची. ती लहान मुलगी चांगली होती, मोठी झाल्यावर मजा गेली." मी टायपिंगचे दहा रुपये जास्त दिले.

मायनरचं मेजर करायला नुसतं वय पुरत नाही, सगळं केवायसी नव्याने लागतं. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डवर फोटो आणि सही नसते, ते करेक्शनचा फॉर्म भरून अपडेट करावं लागतं. आधारचं बायोमेट्रिक पंधराव्या वर्षी अपडेट करायचं असतं ते माझं राहिलेलं. हे अठरा व्हायच्या आधी उरकता येतं (निदान आधारचं तरी) त्यामुळे ज्यांची मुलं आत्ता पंधरा-सोळाची आहेत त्यांनी करून टाका. आणि बँकेत माझी सही बाबांनी अटेस्ट करायची कारण पालक म्हणून एफडीवर त्याची सही होती. बाबा हाफ डे घेऊन आला आणि त्याचीच २०१८ ची सही जुळेना! त्याने तीनदा केली, तिसऱ्यांदा ऑफिसर मॅडम म्हणाल्या चालेल.

मग माझी पाळी. फॉर्मवर एकाखाली एक तीन चौकोन, तिन्हीत सारखी सही हवी. मी पेन घेतलं आणि हाताने आपोआप पहिल्या चौकोनात जे केलं ते म्हणजे दहाव्या वर्षी आरशासमोरच्या टेबलावर पाठ केलेली ऑटोग्राफ, गोल गोल अक्षरं, जादाचा ए, आणि शेवटी चांदणी. त्या काळात लोक सेटवर वह्या घेऊन यायचे तेव्हा असली सही द्यायचे. कॉलेजच्या फॉर्मवर कधी असं झालं नव्हतं. मॅडमनी फॉर्म फिरवून बघितला, म्हणाल्या, "हे स्टार काय आहे?" नवीन फॉर्म दिला. आता माझी सही म्हणजे सरळ आडनाव आणि खाली रेघ, बाबासारखी.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. मुलाने स्वतःच्या कलेवर कमावलेलं उत्पन्न मुलाचंच धरतात, आईबाबांच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, म्हणून २०१८ मध्ये प्रॉडक्शनने कापलेला १० टक्के टीडीएस बाबाने माझ्या नावाने रिटर्न भरून परत मिळवला होता. पण त्या पैशांच्या एफडीवरचं व्याज मात्र मूल सज्ञान होईपर्यंत आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात धरतात. हे आम्हाला आत्ता सीएकडे गेल्यावर कळलं. बाबाचा चेहरा बघण्यासारखा होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही एफडी मोडून पैसे माझ्या खात्यात आले. मी रिक्षात होते, मेसेज दोनदा वाचला आणि आईला फॉरवर्ड केला, तिने अंगठा पाठवला.

आता एक तिढा राहिलाय. ५ लाख १० हजारांचे २० टक्के म्हणजे १ लाख २ हजार. एफडी झाल्या ७५ हजारांच्या. २७ हजार कमी. हे शेवटच्या चार-पाच महिन्यांचे, पेमेंट नव्वद दिवसांनी यायचं त्यामुळे ते लीप झाल्यानंतर आलं, आमच्या हातातले ८० टक्के आले पण तिसरी एफडी कोणी काढलीच नाही असं दिसतंय. कंपनी बंद झाली आहे, ईपी दुसरीकडे आहे, फोनवर छान बोलला, "अरे बेटा किती मोठी झालीस", हिशोब बघून सांगतो म्हणाला आणि आता ब्लू टिक येतात फक्त. त्यामुळे मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, जोडपत्र अ आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, की माझ्या नावाने निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी जे फॉर्म सी (म्हणजे नियम पाळू असं हमीपत्र) भरले त्यांच्या प्रती द्या. अर्जात दोन्ही नावं लिहिली, एका एची आणि दोन एंची, आणि ॲफिडेव्हिटची झेरॉक्स जोडली. शिक्का मारलेली पोच निळ्या फाईलला लावलीय, तीस दिवस जानेवारीत भरतात.

कोणाला असं फॉर्म सीवरून पुढे पैसे वसूल करता आले असतील तर नक्की सांगा, तक्रार नेमकी कुठे करायची ते कळेल.