तुम्ही विचारलंत म्हणून: मफलरचं काय ते

"तुमच्या चित्रातली माणसं भर उन्हातही मफलर गुंडाळून का असतात?" हे मला इतक्यांनी विचारलंय की आता उत्तर लिहूनच टाकते. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "कुणाचा प्रभाव?" विचारणाऱ्याला एखाद्या थोर चित्रकाराचं नाव ऐकायचं असतं. माझ्याकडे आहेत एक अस्वल आणि एक मिशीवाला.

अस्वल म्हणजे १९५८ मध्ये टीव्हीवर आलेला योगी बेअर. त्याला घडवणारी हॅना आणि बार्बेरा ही जोडी आधी एमजीएम स्टुडिओत टॉम अँड जेरी करायची. तिथे सात-आठ मिनिटांच्या फिल्मसाठी हजारो चित्रं काढायची चैन परवडत होती. १९५७ मध्ये स्टुडिओने तो विभागच बंद केला, दोघं टीव्हीकडे वळले आणि तिथलं बजेट तुटपुंजं निघालं. म्हणून योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय. कॉलरने डोक्याचा आणि धडाचा सांधा झाकला जातो. मग धड तसंच ठेवायचं आणि बोलताना फक्त डोकं नव्याने काढायचं. लहानपणी मला तो टाय म्हणजे अस्वलाची ऐट वाटायची. ती काटकसर होती हे कळलं तेव्हा मी फार खूश झाले, कारण मला मान काढता येत नाही. डोकं जमतं, खांदे जमतात, मधला भाग मात्र बाटलीला बूच बसवल्यासारखा दिसतो. त्यावर मफलर!

मिशीवाला अर्थातच मारिओ. १९८१ च्या डाँकी काँग या व्हिडिओ गेममध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेम सोळा पिक्सेल उंच होता. एवढ्याशा जागेत केस कुठले काढणार? त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी टोपी घातली. तोंड दाखवायला नको म्हणून मिशी दिली आणि हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची डंगरी चढवली. अजूनही नवं पात्र मी आधी चौकटीच्या वहीत सोळा बाय सोळा घरांत भरून बघते. तिथे ओळखू आलं नाही, तर मोठ्या कागदावर कितीही सजवलं तरी उपयोग होत नाही. (निम्मी पात्रं इथेच बाद होतात. बरंच आहे.)

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, रंग तेवढा बदललेला. वर्षानुवर्षं खेळूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. कळल्यावर एक संध्याकाळ फसवल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. माझ्या एका चित्रातली टेकडी म्हणजे उलटी केलेली होडी आहे. कोणती ते सांगणार नाही.

सगळंच पचलं असं नाही. सामुराय जॅक या कार्टून मालिकेसारखं बाह्यरेषेशिवाय, नुसत्या रंगांच्या कडांवर चित्र उभं करायचा मी प्रयत्न केला. चिखल झाला. काळी रेघ ही माझी कुबडी आहे, आणि ती इतक्यात सुटेल असं वाटत नाही.

मध्यंतरी नेटाने बसून एक उघड्या मानेची बाई काढली. बरी जमली होती. पहिल्याच बघणाऱ्याने विचारलं, "हिचा मफलर कुठे गेला?"

हातांबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही. ते सगळे खिशात आहेत.