पाच मिनिटांत पोचतो

‘ते शहर किती लांब आहे हो?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘दहा तास.’ विचारलं अंतर, सांगितला वेळ, आणि तरी दोघांचंही समाधान होतं. मोबाइलला मात्र हे जमत नाही. तो किलोमीटर सांगतो, तेही दोन प्रकारचे: हवाई अंतर ५००, रस्त्याने ६२०.

हे वरचे एकशे वीस किलोमीटर जातात कुठे? थोडे घाटातल्या वळणांत, थोडे डोंगराला घातलेल्या वळशात, आणि बरेचसे पुलाच्या शोधात. नदी आडवी आली की रस्त्याचा सगळा ताठा उतरतो. आफ्रिकेतली किन्शासा आणि ब्राझाव्हिल ही शहरं म्हणजे दोन वेगवेगळ्या देशांच्या राजधान्या. काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर बसलेल्या, पलीकडच्या इमारती इकडून दिसतात. पण मध्ये पूल नाही. तिथे गाडीवाल्याला हवाई अंतर सांगणं म्हणजे जखमेवर मीठच.

विमानाचा रस्ता सरळ, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग सीटसमोरच्या पडद्यावरची ती वाकडी रेघ पाहून शंका आली. घरी येऊन पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणला: एक टोक लंडनवर, दुसरं लॉस एंजेलिसवर. सैल होता तोवर दोरा अटलांटिकवर लोळत होता. ताणला, तसा वर वर सरकत थेट ग्रीनलंडवर जाऊन बसला. सपाट नकाशावर हाच मार्ग धनुष्यासारखा दिसतो. म्हणजे वाकडा नकाशा, आणि नाव विमानाचं.

वेळेचं प्रकरण याहून गमतीचं. ताशी ८०० किलोमीटरने ५०० किलोमीटर म्हणजे चाळीस मिनिटंसुद्धा नाहीत. तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो. तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा. त्यात धावपट्टीकडे रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं सगळं आलं. शिवाय वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परत यायला सात. अंतर तेच, पण येताना कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतं.

आता माझा हिशेब. घरून विमानतळ एक तास. दोन तास आधी हजेरी. मी धास्तीपायी अडीच धरतो. उड्डाण सव्वा तास, सामान अर्धा तास, पुढे शहरात शिरायला आणखी एक. झाले सव्वासहा. रस्त्याने दहा-अकरा तास लागतात, म्हणजे इथे विमान जिंकलं, मान्य. पण अंतर अडीचशे-तीनशेवर आणा, की गाडी बरोबरीत सुटते; वर चहाला हवं तिथे थांबता येतं आणि पाण्याची बाटली कुणी काढून घेत नाही.

तरी लांबचा प्रवास मी विमानानेच करतो आणि दर वेळी तेच होतं. सामानाच्या पट्ट्यापाशी उभा असतो. तीच एक निळी बॅग तिसऱ्यांदा समोरून जाते, माझी नसलेली. फोन वाजतो.

‘कुठवर आलास?’

‘हा काय, पोचलोच. पाच मिनिटं.’