तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रॉन कुणी पाहिलाय का?

मी फिजिक्स शिकवते हे कळलं की लग्नात पंगतीला, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतरच्या चहाला कुणीतरी हमखास विचारतंच. मॅडम, इलेक्ट्रॉन कुणी पाहिलाय का? आणि नसेल पाहिला तर मग त्याचा चार्ज एवढा आणि वस्तुमान तेवढं हे दहा-दहा आकड्यांपर्यंत कशाच्या जोरावर सांगता? पूर्वी मी काहीतरी गुळमुळीत बोलून विषय बदलायचे. पण आमच्या थोरल्या काकांनी विचारलं तेव्हा ते चालण्यासारखं नव्हतं, कारण त्यांची अख्खी हयात मोजण्यात गेली. जमिनीची मोजणी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. काका म्हणाले, "आम्ही निदान बांधावर उभं राहून मोजायचो. तुम्ही जे दिसतच नाही ते मोजता, आणि वर आमच्यापेक्षा छातीठोक सांगता."

त्या दिवशी जे सांगितलं ते, आणि नंतर सुचलं तेही, इथे लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉनला बघायचंच नसतं, बघायचं असतं तेलाच्या थेंबाला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसननं हवा काढलेल्या नळीतले कॅथोड किरण वाकवून दाखवले आणि त्यातल्या कणांचा, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच, चार्ज आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. पण गुणोत्तरच हो! म्हणजे नवराबायकोच्या वयातलं प्रमाण कळलं आणि दोघांपैकी एकाचंही वय कळलं नाही अशातली गत. चार्ज सुटा काढायचा तर काहीतरी असं हवं होतं की जे डोळ्याला दिसेल आणि ज्यावर एक-दोन इलेक्ट्रॉन बसले की त्याच्या चालीत फरक पडेल. आधी पाण्याच्या थेंबांवर प्रयोग झाले पण पाणी बघता बघता वाफ होऊन उडून जातं, ज्याचं वजन मोजायचं तोच मिनिटामिनिटाला हलका होतोय तर मोजणार काय. मग शिकागोमध्ये १९०९ पासून रॉबर्ट मिलिकन आणि त्याचा विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी घड्याळाचं तेल घेतलं. ते सहजासहजी उडत नाही.

हा प्रयोग आजही एमएस्सीला असतो. डब्याएवढी काळी पेटी, आत एकावर एक दोन धातूच्या चकत्या, मधे साधारण ५ मिलिमीटरची फट. अत्तराच्या बाटलीला असतो तसा रबरी फुगा दाबून तेल फवारायचं, वरच्या चकतीच्या बारीकशा भोकातून त्यातले थोडे थेंब आत पडतात, बाजूनं दिवा आणि समोरून छोटा मायक्रोस्कोप. पहिली वीस मिनिटं काहीच दिसत नाही, कारण भोक मागच्या बॅचच्या तेलानं चोंदलेलं असतं आणि लॅबमधले मामा येऊन बारीक तारेनं ते साफ करेपर्यंत आपण नुसतं आयपीसला डोळा लावून बसायचं. मग एकदम दिसतात. दुपारी कौलातून कवडसा पडावा आणि त्यात धूळ चमकावी तसे ठिपके. आणि सगळे वर चाललेले! मायक्रोस्कोप प्रतिमा उलटी करतो, त्यामुळे जो पडतोय तो चढताना दिसतो, हे माहीत असूनही पहिल्या दिवशी गोंधळ होतोच.

फास्ट पळणारे सोडून द्यायचे, ते जड. एखादा रेंगाळणारा धरायचा. थेंबाची त्रिज्या एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असेल तर एक मिलिमीटर पडायला त्याला दहाएक सेकंद लागतात, स्टॉपवॉच आरामात दाबता येतं. मग चकत्यांना व्होल्टेज द्यायचं आणि नॉब हळूहळू फिरवायचा. अशा थेंबावर दोन इलेक्ट्रॉन जास्तीचे असले तर साडेपाचशे व्होल्टच्या आसपास तो थबकतो. अधांतरी. खाली वजन ओढतंय, वर वीज ओढतेय, दोन्ही सारखं. वजन माहीत असेल तर चार्ज मिळाला.

आता एवढ्याशा थेंबाला तराजूत कोण घालणार? तिथे स्टोक्सचा नियम येतो, १८५१ चा. गोळा हवेतून किती वेगानं पडतो ते त्याच्या आकारावर आणि हवेच्या चिकटपणावर अवलंबून असतं. वेगावरून आकार, आकारावरून वजन. म्हणजे इथे जे आपण खरोखर बघितलं ते फक्त घड्याळ आणि व्होल्टमीटर, बाकी तेलाची घनता, हवेचा चिकटपणा, हे सगळे आकडे दुसऱ्यांकडून उसने आणलेले. हे उसने लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

काका म्हणाले, ठीक आहे, चार्ज मिळाला, पण तो एकाच इलेक्ट्रॉनचा कशावरून? लग्नाचं घर होतं, कोपऱ्यात पाहुण्यांना द्यायच्या बुंदीच्या लाडवांच्या बांधलेल्या पिशव्या होत्या. म्हटलं, काका, पिशवी न उघडता एका लाडवाचं वजन सांगायचंय. पिशव्या काट्यावर ठेवत गेलात आणि वजनं आली १२०, २००, १६०, २८०, कधीच १४० नाही, कधीच १८५ नाही, तर? काका म्हणाले, "चाळीसचा लाडू." बस. मिलिकननं थेंबामागून थेंब मोजले आणि चार्ज नेहमी एकाच आकड्याच्या पटीत आला. फक्त लाडू हातानं वळलेले असतात, कुठला ३८ कुठला ४३, आणि हा फरक जर वीस-वीस ग्रॅमचा असता तर ही युक्ती फसली असती. म्हणून आमच्यात नुसता आकडा सांगितला तर कुणी ऐकून घेत नाही. आकडा, आणि तो इकडेतिकडे किती होऊ शकतो ते, दोन्ही सांगावं लागतं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड असतो.

मिलिकनला एक भलतीच अडचण आली. थेंब जितका बारीक, तितका चार्ज मोठा यायला लागला. आता इलेक्ट्रॉनला काय कळतंय की आपण बारीक थेंबावर बसलोय की जाड्या! गडबड मॉडेलमध्ये होती. स्टोक्स हवेला मधासारखी सलग धरतो, पण हवा म्हणजे सुटे रेणू, आणि थेंब फारच छोटा झाला की तो त्या रेणूंमधून थोडा निसटतो, अपेक्षेपेक्षा जोरात पडतो. मग त्यानं नियम फेकून दिला नाही. किती चुकतोय ते वेगवेगळ्या आकाराच्या थेंबांवर आणि वेगवेगळ्या दाबाला मोजलं, त्याचा आलेख काढला, सरळ रेष आली, ती रेष मागे नेऊन जिथे चूक शून्य होईल तिथला आकडा घेतला. मला विचाराल तर या प्रयोगातली खरी हुशारी इथे आहे, पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत उरकतात.

आता माझं पाप. एमएस्सीला मी हाच प्रयोग केला, दहा थेंब घेतले, नवव्याचं उत्तर भलतंच आलं म्हणून खोडलं आणि जर्नलमध्ये फेअर करताना तो थेंबच गाळला. पण नंबर बदलायचे विसरले. एक्स्टर्नलनी टेबलावरून बोट फिरवत फिरवत विचारलं, "आठनंतर दहा. नववा कुठे गेला?" मी म्हटलं सर, तो चुकला होता. ते म्हणाले, "चुकला हे कशावरून ठरवलंत? उत्तरावरूनच ना?" आजही कुणी रीडिंग कुक केलेलं दिसलं की मला तो नववा थेंब आठवतो. त्यावर बहुधा तीन इलेक्ट्रॉन होते आणि मी स्टॉपवॉच उशिरा दाबलं होतं, पण आता कोण सांगणार.

आणि गंमत बघा, मिलिकननंही हेच केलं होतं. १९१३ च्या पेपरात त्यानं ५८ थेंब दिले आणि लिहिलं की सलग ६० दिवसांत घेतलेले हे सगळेच्या सगळे थेंब आहेत. पुढे त्याच्या वह्या अभ्यासकांनी उघडल्या तर त्यात शंभराहून जास्त थेंब निघाले, काहींच्या शेजारी सुंदर, छापायचाच, अशा अर्थाचे शेरे! गाळलेले धरून परत गणित केलं तर उत्तर फारसं हलत नाही, एवढंच की चुकीची मर्यादा त्यानं दाखवली तेवढी आखूड राहत नाही. १९२३ चं नोबेल मिळालं ते मिळालंच. मला तो त्यामुळे जरा जवळचा वाटतो हे कबूल करते.

पण त्याची मोठी चूक गाळलेल्या थेंबांची नव्हतीच. त्यानं सांगितलं होतं की माझा आकडा फार तर ०.२ टक्क्यानं इकडेतिकडे. प्रत्यक्षात तो ०.६ टक्क्यानं कमी निघाला. का, तर हवेचा चिकटपणा. तो उसना आकडाच थोडा चुकीचा होता. इथे मी काकांकडे बघितलं तर ते गालातल्या गालात हसत होते. "साखळी ताणलेली होती त्याची." बरोब्बर! वर्षानुवर्षं ओढून ओढून साखळीच्या कड्या झिजतात, साखळी लांबते, आणि मग तुम्ही तेच शेत दहा वेळा मोजा, दहाही वेळा तंतोतंत तेच उत्तर येणार आणि दहाही वेळा कमी येणार. मोजणाऱ्याला वाटतं आपला हात किती पक्का. ०.६ टक्के म्हणजे ३३ फुटांच्या साखळीला सव्वादोन-अडीच इंच. काका म्हणाले, म्हणून तर पक्क्या जागेवर दोन खुणा करून ठेवलेल्या असायच्या, अधूनमधून साखळी तिथे नेऊन ताणून बघायची.

मिलिकनच्या साखळीला अशी खुण मिळाली ती १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि तीही थेंबांच्या गावाला न जाता. स्फटिकात अणूंचे थर किती अंतरावर असतात ते अणूंच्या संख्येवरून काढायचे, आणि ती संख्या इलेक्ट्रॉनच्या चार्जवरून. त्या अंतरावरून एक्स-रेची तरंगलांबी निघते. मग तीच तरंगलांबी लोकांनी बारीक समांतर रेघा मारलेल्या पट्टीवर, म्हणजे ग्रेटिंगवर, अगदी तिरक्या कोनात किरण सोडून थेट मोजली, त्यात चार्जचा काही संबंधच नाही. दोन्ही हिशेब जुळेनात. उलट गणित केलं तर चार्ज मिलिकनपेक्षा जास्त यायला लागला. मग चिकटपणा नव्यानं मोजला गेला आणि चोर सापडला. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननं १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेच्या पदवीदान समारंभात या गोष्टीवरून शास्त्रज्ञांचे कान उपटले होते, की मिलिकनपेक्षा फार मोठं उत्तर आलं की लोक स्वतःतच खोट शोधायचे. नवव्या थेंबाची आठवण असल्यामुळे मला ते पटतं, पण मला जास्त भावतं ते हे, की त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा जाऊन चूक कळली नाही, भलत्याच वाटेनं आलेल्यांनी दाखवली.

हे जुनं झालं म्हणाल तर उटीला जा. तिथे टीआयएफआर या संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे, आकाशातून येणारे म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद, मोजतो, ५६० चौरस मीटरचा पसारा. १ डिसेंबर २०१४ ला वर एक वादळी ढग आला आणि म्युऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगातली वीज म्युऑनची ऊर्जा खाते, मग एवढी घट व्हायला ढगात किती व्होल्टेज हवं? कॉम्प्युटरवर ढगाचं मॉडेल करून उत्तर काढलं, सुमारे १३० कोटी व्होल्ट. बलून सोडून आधी मोजलेलं सगळ्यात जास्त होतं तेरा कोटी. ढगात कुणी गेलं नाही, व्होल्टमीटर लावला नाही. इथेही थेंबाचाच खेळ आहे, फक्त थेंबाच्या जागी म्युऑन. आणि साखळी? साखळी म्हणजे ते ढगाचं मॉडेल, त्याला खुण अजून बाहेरून कुणीतरी लावायला हवी असं माझं मत.

इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र साखळीचा प्रश्नच मिटवून टाकलाय. २० मे २०१९ पासून त्याचा चार्ज १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात एवढे कूलोम, असं ठरवूनच टाकलंय, पुढे मागे काही नाही, आणि अँपिअर, म्हणजे विजेच्या प्रवाहाचं एकक, त्यावरून काढायचा. म्हणजे आता आमची पोरं लॅबमध्ये १.५ आणतात, १.७ आणतात, तेव्हा ती इलेक्ट्रॉनला मोजत नसतातच, आपल्याच साखळीला मोजत असतात. काका म्हणाले, हे म्हणजे शेतालाच साखळी म्हणायचं. हो, आणि ते शेत कधी ताणत नाही म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत काका आले तेव्हा त्यांना कॉलेजात नेलं. मामांनी भोक साफ करून दिलं, मी एक थेंब धरून अधांतरी थांबवला आणि काकांना स्टुलावर बसवलं. चष्मा काढ, चष्मा घाल, डावा डोळा, उजवा डोळा, असं बराच वेळ चाललं. मग ते एकदम गप्प झाले. थेंब अगदी स्थिर. पाचएक मिनिटं गेली असतील, व्होल्टेजला कुणी हात लावलेला नाही, आणि काका ओरडले, "अगं, पळाला की!" हवेतला एखादा आयन त्याला येऊन चिकटला होता, चार्ज बदलला आणि तोल गेला. इलेक्ट्रॉन बघणं म्हणतात ते यापेक्षा जवळून मला तरी दाखवता येत नाही.

"वर गेला का खाली?" मी विचारलं.

"वर," काका म्हणाले, आणि मग आयपीसवरून डोळा न काढता, "म्हणजे खाली."