टाकीत वाढणारी औषधी मुळं

टिश्यू कल्चर (झाडाचा छोटा तुकडा किंवा पेशी पोषक द्रावणात वाढवणं) म्हटलं की लोकांना फक्त रोपं बनवणं आठवतं, पण मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे अख्खं झाड न वाढवता नुसत्या पेशी किंवा मुळं बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पोषक द्रावणाच्या बंद टाकीत, वाढवून औषध काढणं. १९८३च्या सुमारास जपानमध्ये शिकोनिन हे लालसर द्रव्य असंच विक्रीसाठी बनवायला लागले, ते ज्या वनस्पतीच्या मुळांत असतं तिला शेतात काही वर्षं लागतात आणि टाकीत काही आठवडे! कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल हे औषधपण यू नावाच्या झाडाच्या पेशींपासून बनवतात, नाहीतर सालीसाठी झाडंच मारावी लागायची.

खरी गंमत पुढेच आहे. पेशी मजेत वाढत असतात तेव्हा औषधी द्रव्य बऱ्याचदा फारसं बनवतच नाहीत, मग थोडं जॅस्मोनेट (झाडातलं धोक्याचा इशारा देणारं संप्रेरक) टाकायचं, पेशीला वाटतं हल्ला झाला आणि ती बचावासाठी ते द्रव्य बनवायला लागते. मला हे आजही थक्क करतं.

डोकेदुखी पण आहे. टाकीतला ढवळायचा पंखा जोरात फिरवला तर पेशी फुटतात, म्हणून बरेच जण खालून नुसते हवेचे बुडबुडे सोडतात. पेशींऐवजी कोंब वाढवत असलो आणि ते द्रावणात सतत बुडालेले राहिले तर पानं काचेसारखी, ठिसूळ होतात, मग दिवसातून काही वेळा थोडी मिनिटंच बुडवायचे. आणि साखर असलेल्या त्या पाण्यात बुरशी शिरली की अख्खी बॅच गेलीच समजा.

स्वस्तात पिकणाऱ्या तुळशीसाठी हा खर्च कशाला, पण जंगलातून ओरबाडल्या जाणाऱ्या, हळू वाढणाऱ्या वनस्पतींसाठी हे व्हायलाच पाहिजे.