तुम्ही विचारलंत म्हणून: "हे इतकं जुनं, कशावरून?"

मी उत्खननात काम करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. "हजारो वर्षांपूर्वीचं म्हणता ते कशावरून? तुम्ही सांगायचं आणि आम्ही मान डोलवायची, असंच ना?" पूर्वी राग यायचा, आता येत नाही, कारण प्रश्न रास्त आहे आणि आमच्या क्षेत्रात फसवणूक झालेली आहे.

पिल्टडाउनचंच घ्या. १९१२ साली इंग्लंडमध्ये जाहीर झालं की वानर आणि माणूस यांच्यामधला दुवा सापडला, आणि १९५३ मध्ये बिंग फुटलं तेव्हा कवटी निघाली माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि जुनाट दिसावं म्हणून वर रंग चढवलेला. कानशीचे ओरखडे भिंगाखाली दिसत होते हो! पण बहुतेक अभ्यासकांच्या हातात यायच्या त्या प्लास्टरच्या प्रती, मूळ हाडं कुलपात. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचाच, कारण ४१ वर्षं लागली ती तपासू न दिल्यामुळे पण लागली.

जपानमध्ये शिनिची फुजिमुरा हा हौशी उत्खननकार २००० साली दगडी हत्यारं स्वतःच पुरताना एका वृत्तपत्राच्या कॅमेऱ्यात पकडला गेला. तिथे मातीचा थर खरंच जुना होता, हत्यारं तेवढी त्या थरातली नव्हती.

म्हणजे नुसती वस्तू बघून भागत नाही, ती कुठल्या मातीत आणि कशी पडली होती ते बघावं लागतं. खड्ड्याची उभी भिंत ब्रशने साफ केली की राखेचा काळपट पट्टा दिसतो, खाली पिवळट माती, आणि मधेच एखादा गोल भुसभुशीत डाग, ते असतं उंदराचं बीळ. त्यातून वरचा मणी हातभर खाली घरंगळतो आणि तो डाग तुमच्या नजरेतून सुटला की मणी उगाचच कितीतरी शतकं जुना होऊन बसतो.

कार्बन-१४ चं, म्हणजे कोळसा, हाडं अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं वय काढायच्या पद्धतीचं पण तसंच. कोळशाचा तुकडा हात न लावता चिमट्याने उचलून फॉइलमध्ये गुंडाळून लॅबला पाठवतो, पण लॅब सांगते ते लाकूड वाढलं कधी ते, जळलं कधी ते नाही, आणि जुनी तुळई काढून कोणी चुलीत घातली असेल तर एका तुकड्यावरून फसायला होतं. समुद्री शिंपले तर साधारण ४०० वर्षं जास्तच जुने दिसतात, ती दुरुस्ती करावी लागते. आणि उत्तर कधी एकच साल म्हणून येत नाही, अमुक ते तमुक असंच येतं, बातमीत मात्र एकच आकडा छापतात.

मी स्वतः तारखेवर जेवढा विश्वास ठेवते तेवढा तिला चिकटवलेल्या कहाणीवर ठेवत नाही. श्लीमन या जर्मन उत्खननकाराला १८७३ मध्ये ट्रॉयला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन शहरात, सोनं मिळालं, सोनं अस्सलच, पण ट्रॉयच्या युद्धाच्या ग्रीक कथेतल्या प्रायम राजाचा खजिना म्हणून त्याने जे सांगितलं ते चुकीचं होतं, ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही हजारेक वर्षं आधीचं निघालं ते.

आणि एकदा खणलेली जागा परत खणता येत नाही. म्हणून प्रत्येक थर मोजायचा, कागदावर रेखाटायचा, फोटो घ्यायचे, आणि जागेचा काही भाग मुद्दाम तसाच सोडायचा, उद्या आमच्यापेक्षा चांगली साधनं घेऊन कोणीतरी येईल आणि आमचं म्हणणं तिथे तपासून बघेल यासाठी.